न बिघडलेलं बेअरिंग

माझ्या टेबलावर सध्या एक बेअरिंग पेपरवेट म्हणून पडलेलं असतं. साधं बॉल बेअरिंग. पावणेदोन-दोन इंचांचं, मुठीत सहज मावेल असं. घरच्या पाण्याच्या पंपात असतं ना, तसलंच. बोटाने फिरवलं तर छान गुळगुळीत फिरतं. खरखर नाही, अडकणं नाही.

हे गाडीतून काढून घेण्यासाठी मी गेल्या महिन्यात तीन हजारांच्या वर डॉलर मोजले. आणि ते बिघडलेलं नव्हतं!

आता हे ऐकून तुम्ही जे म्हणाल तेच आमच्या घरी सगळ्यांनी म्हणून झालंय. तरी सांगतो, कारण हा निर्णय घ्यायला मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी इंजिनाबद्दल बरंच आणि स्वतःबद्दल थोडंफार शिकलो.

तर मंडळी, गाडी म्हणजे २००३ सालची पोर्शे बॉक्सस्टर. नाव ऐकून दचकू नका. वीस वर्षांची जुनी बॉक्सस्टर इथे कॅलिफोर्नियात नव्या टोयोटाच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते. मी बारा हजारांना घेतली. छप्पर उघडणारी, दोन माणसांची, आणि इंजिन सीटच्या मागे. पन्नाशी जवळ आली की काही लोक मॅरेथॉन पळतात, काही ध्यानधारणेला लागतात. मी हे केलं.

घेतल्यावर आठवड्याभरात एका सहकाऱ्याने विचारलं, "आयएमएस केलंय का?" मी म्हटलं, "म्हणजे काय?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू लग्न ठरवलं आणि पत्रिका बघितलीच नाही!

आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, मधला दांडा. या गाडीत सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन फळ्यांत आडवे झोपलेले असतात. क्रँकशाफ्टच्या खाली हा दांडा असतो. क्रँक त्याला साखळीने फिरवतो आणि तो दोन्ही टोकांकडून पुढच्या साखळ्यांनी दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतो. म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, याचं सगळं वेळापत्रक या दांड्याच्या भरवशावर. जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या ९११ गाड्यांतही असा दांडा होता, पण तो बुशवर फिरायचा आणि बुशला दाबाखाली तेल मिळायचं. १९९६-९७ साली पाण्यावर थंड होणारी नवी इंजिनं आली, तेव्हा फ्लायव्हीलकडच्या टोकाला बुश जाऊन बॉल बेअरिंग आलं. तेही सीलबंद, आत ग्रीस भरलेलं.

सील करण्याचा हेतू बरा असेल. पण हे बेअरिंग राहतं कुठे, तर गरम तेलात. वर्षं जातात, सील कडक होतं, तेल झिरपत आत जातं आणि ग्रीस धुऊन नेतं. मग सील असल्यामुळे ताजं तेल खेळतं राहत नाही आणि ग्रीस तर गेलेलंच असतं. जुनं, आंबट झालेलं तेल आत कोंडून बसतं. एक दिवस छर्रे झिजतात, दांडा डगमगतो, साखळीचं वेळापत्रक चुकतं, आणि उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन येऊन आदळतो. संपलं. 'इंजिनचं काम निघालं' असंही म्हणायची सोय नाही, इंजिनच नवं घालायचं. आणि त्याची किंमत गाडीपेक्षा जास्त!

बरं, सगळ्या गाड्यांत एकच बेअरिंग नाही. सुरुवातीच्या गाड्यांत छर्ऱ्यांच्या दोन ओळी होत्या. साधारण २००० नंतर एक ओळ आली. २००६ च्या सुमारास मोठं, दणकट बेअरिंग आलं, पण ते इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही. आणि २००९ च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात हा दांडाच काढून टाकला. (आमच्या धंद्यात यालाच रीरायटिंग म्हणतात.) अमेरिकेत यावर खटला झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. ती मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्यांसाठी होती, म्हणजे बरोबर एका ओळीवाल्या. माझी गाडी त्यातलीच. तडजोडीची मुदत मात्र मी गाडी घेण्याआधी कधीच उलटून गेली होती.

त्या खटल्याच्या निमित्ताने पुढे आलेला आणि तेव्हापासून सगळीकडे सांगितला जाणारा आकडा असा: दोन ओळींची बेअरिंगं जाण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी, एका ओळीची आठ टक्क्यांच्या आसपास.

आठ टक्के. आता आली का पंचाईत? ऐंशी टक्के असते तर डोळे मिटून बदललं असतं. पाव टक्का असता तर विसरून गेलो असतो. आठ टक्के म्हणजे धड भीतीही नाही आणि धड झोपही नाही.

मी इंजिनिअर माणूस, लगेच हिशेब मांडला. गॅरेजवाल्याने नुसत्या बेअरिंगचे सांगितले २,४०० डॉलर. इंजिन गेलं तर गाडी भंगाराच्या आणि सुट्या भागांच्या भावात जाईल, म्हणजे आठ हजारांचं नुकसान. आठ हजारांचे आठ टक्के झाले ६४०. सहाशे चाळीसचा धोका टाळायला चोवीसशे कोण देईल? बदलणं परवडायचं तर धोका तीस टक्के हवा.

पण थांबा. त्या २,४०० मधला बराचसा खर्च बेअरिंगचा नाहीच. त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, ही सगळी मजुरी आहे. आणि क्लच प्लेट बदलतानाही नेमकं हेच करावं लागतं. म्हणजे क्लच बदलायचाच असेल तर बेअरिंगसाठी वरचा खर्च जेमतेम ९०० डॉलर. नऊशेला आठ हजारांनी भागा, सव्वाअकरा टक्के. आठ आणि सव्वाअकरा आता शेजारी-शेजारी येऊन बसले! तरी हिशेब 'नको'च म्हणत होता, पण आवाज बारीक झाला होता.

शिवाय ते आठ टक्के माझे आहेत की नाहीत, हेही कळेना. माझ्या बेअरिंगने वीस वर्षं आणि एकसष्ट हजार मैल काढलेत. जी मरायची ती मेली, हे वाचलेल्यांतलं म्हणून चिवट, असं म्हणायचं? की वीस वर्षांत ग्रीस धुऊन गेलंय, आता धोका वाढतोय, असं म्हणायचं?

हा प्रश्न जुनाच आहे. बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये जे आयुष्य छापतात, ते सरासरी आयुष्य नसतंच मुळी. शंभरातली दहा बेअरिंगं जेवढ्या वेळात जातील तो आकडा असतो. कारण एकाच कारखान्यातली, एकाच दिवशी बनलेली बेअरिंगंसुद्धा वेगवेगळ्या वयात मरतात. वायबुल नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९५१ मध्ये एक निबंध लिहिला. आयुष्याच्या अशा विखुरण्याला त्याचंच सूत्र आजही वापरतात. त्यात 'बीटा' म्हणून एक आकडा असतो. तो एकपेक्षा कमी असेल तर वस्तू लहानपणीच जास्त मरते, एक असेल तर मरणाला वयाशी देणंघेणं नाही, आणि एकपेक्षा जास्त असेल तर म्हातारपण खरं आहे. सगळी मेख इथे आहे. बीटा एकपेक्षा जास्त असेल तरच आधीच बदलण्यात अर्थ. नाहीतर तुम्ही टिकलेला भाग काढून न टिकलेला घालताय!

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाचा एक जीवशास्त्रज्ञ विमानांच्या देखभालीचा अभ्यास करत होता. दर पन्नास तासांनी विमानाची ठरलेली तपासणी व्हायची. याने आकडे मांडले तर बिघाड तपासणीनंतर लगेच वाढायचे आणि मग पुढच्या तपासणीपर्यंत कमी-कमी होत जायचे. म्हणजे तपासणी आजार बरा करत नव्हती, लावत होती! ज्याने शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे १९७८ मध्ये नोलन आणि हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोघांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांच्याकडच्या विमानांच्या भागांपैकी फक्त ११ टक्के भागांना 'इतकं वय झालं की बदला' या नियमाचा उपयोग होता. उरलेल्या ८९ टक्क्यांना नाही.

मग त्यांचा उपाय काय? वयाकडे नाही, लक्षणांकडे बघा. म्हणून मीही लक्षणं बघायला लागलो. दर वेळी तेल बदललं की फिल्टरचा कागद ब्लेडने कापायचा, गॅरेजच्या ओट्यावर उलगडायचा आणि टॉर्च मारून बघायचं. चकाकतंय का काही? पहिल्या वेळी काळे-तपकिरी कण दिसले आणि पोटात गोळा आला. ते साखळीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे तुकडे निघाले, या इंजिनात सापडतातच. धातू नाही. चुंबक फिरवून पाहिलं, काही चिकटलं नाही.

पण या बेअरिंगच्या बाबतीत लक्षणांचा भरवसा अर्धाच. काही इंजिनांत धातूचा चुरा आधी दिसतो, काहींत लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि चुरा दिसलाच, तर तो तेलाबरोबर सगळ्या इंजिनभर फिरून आलेला असतो. मग नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही.

या सुमारास एका रविवारी बाबांशी फोनवर बोलणं झालं. बाबा पुण्यात असतात, आता ऐंशीचे आहेत. त्यांची सगळी उमेद बजाज चेतकवर गेली. डिकीत कायम एक क्लच वायर, एक प्लग, एक पाना आणि फडकं. वायर तुटली की रस्त्याच्या कडेला स्कूटर आडवी करायची, दहा मिनिटांत नवी घालायची. तुटायच्या आधी वायर बदललेली मी कधी पाहिली नाही.

सगळं ऐकून ते म्हणाले, "आजवर किती वेळा बिघडलंय?"

"एकदाही नाही, बाबा."

"मग बदलतोयस काय?"

"बिघडलं तर इंजिन जातं हो. वायरसारखं नाही, डिकीत ठेवून चालत नाही."

थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "मारुतीचा टायमिंग बेल्ट मी बदलला होता. तोही तुटला नव्हता. पण कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून बदलला. तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

पुस्तकात काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि खरा घोळ हाच, हे मला तेव्हा कळलं. मारुती ८०० चा बेल्ट असाच, न तुटलेला, लाखो लोकांनी बदलला आणि कुणी वायबुल काढून बसलं नाही. कारण कुणीतरी आकडे पाहून किलोमीटर ठरवले होते आणि निर्णयाचं ओझं त्या पुस्तकावर होतं. माझ्या बेअरिंगला कुणी किलोमीटर दिलेलेच नाहीत. त्यामुळे ज्याच्याकडे सगळ्यात कमी माहिती, त्या मालकालाच ठरवायचंय.

"बरं, गाडी चालवतोस तरी का?" बाबांनी शेवटी विचारलं.

मी म्हटलं, "हो, चालवतो की."

फोन ठेवल्यावर खाली जाऊन मीटर बघितला. तेल बदलल्याच्या पावत्या होत्याच. पहिल्या वर्षी ४,८०० मैल, दुसऱ्या वर्षी ९००.

नऊशे! मला स्वतःलाच खरं वाटेना. पण आठवू लागलो तसं सापडत गेलं. मित्र म्हणाले पेस्काडेरोला जाऊ, तर मी म्हटलं दुसरी गाडी काढू. थंड इंजिनात जरा टकटक ऐकू आली की घरी परत. कधी चढावर गाडी जोरात पळवली की मैलभर कान मागे. पहिल्या वर्षी मी गाणी न लावता चालवायचो, कारण इंजिनाचा आवाज आवडायचा. दुसऱ्या वर्षीही न लावताच चालवत होतो, पण आता आवाजात रोग शोधायला. बायको एकदा म्हणाली होती, "अरे, ती गाडी घेतलीस की देव्हाऱ्यात ठेवलीस?" तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

आणि यातली गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की या बेअरिंगला उभं राहणंच मानवत नाही. ही इंजिनं उघडणाऱ्या मेकॅनिक लोकांचा अनुभव सांगतो की रोज चालणाऱ्या, वेळेवर तेल बदललेल्या गाड्या टिकतात. झाकून ठेवलेल्या, वर्षात चार वेळा हळूच बाहेर काढलेल्या गाड्या जास्त दगा देतात. उभ्या गाडीच्या तेलात ओल आणि आम्ल साचतं, ते बेअरिंगला बाधतं. म्हणजे बेअरिंगच्या भीतीने मी नेमकं तेच करत होतो ज्याने ते बिघडावं!

मग माझ्या हिशेबातला एक रकानाच चुकला होता हे लक्षात आलं. मी 'न बदलण्याचा खर्च' म्हणून फक्त ६४० डॉलर धरले होते. पण न बदलण्याचा खर्च मी आधीच भरत होतो. पहिल्या वर्षापेक्षा चार हजार मैल कमी चाललो होतो. बारा हजारांची गाडी घेतली होती ती चालवायला, आणि बेअरिंग न बिघडताही ती बंद पडल्यात जमा होती. मनात आलं की विकून टाकावी. मग वाटलं, विकणार असलो तर विकू, पण आठ टक्क्यांना भिऊन नको.

पुढच्याच आठवड्यात गॅरेजमध्ये गेलो. म्हातारा मेकॅनिक, बोलायला कमी. गाडी चालवून आला आणि म्हणाला, क्लचचं पेडल जड झालंय, वर्षभर काढेल फार तर. म्हणजे क्लचचं काम एक वर्ष अलीकडे ओढायचं. ठीक आहे म्हटलं. कुठलं बेअरिंग घालायचं यावरही बोलणं झालं. सिरॅमिक छर्ऱ्यांचं मिळतं, ते टिकतं, पण बॉल बेअरिंगच. दुसरा पर्याय म्हणजे बॉल बेअरिंग काढून तिथे पुन्हा बुश घालायचं आणि फिल्टरकडून तेलाची एक नळी त्याला जोडायची. म्हणजे जुन्या ९११ मध्ये होतं तसं. हे महाग, सातशे डॉलर जास्त.

इथे मला नोलन आणि हीप पुन्हा आठवले. त्यांच्या तर्काप्रमाणे बिघाड भयंकर असेल, आधी कळत नसेल आणि वयाचा नियमही लागू नसेल, तर रचनाच बदला. जुनं बेअरिंग काढून तसलंच नवं घालणं म्हणजे तोच बग नव्या तारखेने कंपाइल करणं. बुश म्हणजे रचना बदलणं. पण सातशे डॉलर आणि एक जास्तीची नळी, म्हणजे गळायला एक जास्तीची जागा. मी सिरॅमिक घेतलं. तेही पुढे कधीतरी क्लचबरोबर बदलायचं, हे मान्य करून. परिपूर्ण उत्तर नव्हतं, पण या वेळी किलोमीटर ठरलेले होते!

दोन दिवस काम चाललं. सुरुवातीलाच त्याने फिल्टर उघडला. धातू दिसता तर पुढे हात लावणार नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं. मग गिअरबॉक्स उतरला, क्रँक आणि कॅम जागेवर लॉक केले, साखळ्यांचे टेन्शनर सोडले, आणि पुलरने बेअरिंग हळूच बाहेर आलं. तीन-चार इंचांच्या त्या भोकात वाकून मी पाहिलं. ज्याच्यासाठी दोन वर्षं झोप उडवली, ते एवढंसं.

त्याने ते फडक्याने पुसून माझ्या हातात दिलं. फिरवलं. गुळगुळीत. सीलच्या कडेला थोडं तेल पाझरलं होतं, बस्स. मी विचारलं, हे अजून किती चाललं असतं? तो म्हणाला, "कदाचित एक लाख मैल. कदाचित पुढचा महिना. हातात घेऊन मला कळत नाही. कळत असतं तर मी हा धंदा केला नसता."

घरी येताना थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. मनातून मला ते खराब निघायला हवं होतं. निदान एक ओरखडा तरी! मग मला १९९९ आठवलं. माझं या देशात येणंच वायटूकेच्या कृपेने. पुण्या-मुंबईतून आम्ही ढिगाने आलो आणि कोबोलच्या रानात दोन आकडी वर्षं शोधून चार आकडी करत बसलो. १ जानेवारी २००० उजाडला आणि काही झालं नाही. लगेच लोक म्हणायला लागले, बघा, उगाच बाऊ केला होता! काही झालं नाही म्हणून काम फुकट गेलं, की काम केलं म्हणून काही झालं नाही? काही ठिकाणी हे, काही ठिकाणी ते. माझ्या वाट्याला आलेल्या प्रोग्रॅममधल्या काहींना हात लावला नसता तरी चाललं असतं. ते कुठले, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

तर तुमच्याकडे अशी गाडी असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर माझं मत ऐका आणि सोडून द्या. दोन ओळींचं बेअरिंग असेल तर क्लचची वेळ येईपर्यंत गप्प बसा. २००६ नंतरचं मोठं असेल तर क्लचच्या वेळी बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे तेल आत-बाहेर खेळतं, तेवढं पुरे. एका ओळीचं असेल आणि गिअरबॉक्स उतरलाच असेल तर बदला, तिथे कंजुषी करू नका. फिल्टरमध्ये धातू चमकत असेल तर आधी इंजिनाची तब्येत बघा, नवं बेअरिंग घालून पैसे बुडवू नका. आणि यातलं काहीच नसेल, गाडी खुशाल चालवत असाल, रात्री झोप लागत असेल, तर काही करू नका. तेल वेळेवर बदला आणि गाडी पळवा. हिशेब तुमच्याच बाजूने आहे.

माझ्या बाजूने तो नव्हता, मीटर होता. काम झाल्यापासून पाच आठवड्यांत ७४० मैल झालेत. गेल्या शनिवारी वुडसाइडवरून चौऱ्याऐंशी नंबरच्या रस्त्याने वर स्कायलाइनला गेलो, तिथून ला होंडाला उतरलो, समुद्रापर्यंत. रेडवुडच्या सावलीत वळणावळणाचा रस्ता, छप्पर उघडं. एका चढावर गाडी सहा हजार आरपीएमपर्यंत नेली आणि पलीकडे उतरल्यावर लक्षात आलं की कान मागे गेलेच नव्हते.

संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं, बेअरिंग बदललं, जुनं चांगलंच निघालं.

"मग ते जुनं टाकू नकोस," बाबा म्हणाले. "डिकीत ठेव."